उठ आधी, मग रड

"आत्या, हा उठत नाही ग," मोहन म्हणाला.

शनिवारची दुपार, पेनसिल्व्हेनियातला जुलै महिना. उन्हानं मैदानातलं गवत पिवळं पडलं होतं. डॅनी पाठीवर पडला होता आणि मोहन त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसला होता. मोहन म्हणजे माझा भाचा, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. त्रेचाळीस वर्षांचा, शंभर किलोचा माणूस. संघाचा मुख्य कोच. खेळणं मोडल्यावर लहानपणी माझ्याकडे बघायचा, तसा बघत होता.

मी बादली आणि स्पंज घेऊन आत गेले. एरवी मला चुन्याच्या रेषेच्या आत जायची परवानगी नव्हती. त्या दिवशी कुणी अडवलं नाही. डॅनीचे डोळे अर्धे उघडे होते. मी बोटानं एक पापणी वर केली, मग दुसरी. एका डोळ्यातली बाहुली मोठी झाली होती, दुसऱ्यातली बारीक होती. कराडच्या सरकारी दवाखान्यात मी एकतीस वर्षं आया होते. हायवेवरच्या अपघातातली माणसं आमच्याकडे यायची. अशा बाहुल्या मी पाहिल्या होत्या. त्या माणसांपैकी घरी परत गेलेले मला फारसे आठवत नाहीत.

"ह्याला हलवू नकोस. गाडी बोलाव," मी म्हटलं.

"तो उठेल. मी शिकवलंय त्याला."

"मोहन, गाडी बोलाव."

गाडी मैदानातच आली. डॅनीला घेऊन गेली. मागोमाग मोहन गेला. बाकीची पोरं आपापल्या पिशव्या उचलून गेली. समोरच्या संघाचा एकजण माझ्याजवळ येऊन काहीतरी बोलला, मला कळलं नाही. मग मी दर शनिवारी करायची तेच केलं. रेषेवर पडलेल्या संत्र्याच्या साली गोळा करून बादलीत टाकल्या.

मोहनबद्दल लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करावी लागते. त्याच्या आधीचं सगळं मला आता त्या दुपारच्या पलीकडूनच दिसतं.

मोहनला पहिली सहा वर्षं मी वाढवलं. माझं लग्न झालं होतं, पण दोन वर्षांत मी परत आले, ते का हे इथं सांगायचं कारण नाही. वहिनीला क्षय होता. ती मिरजेच्या इस्पितळात, दादा शिकायला अमेरिकेत, आणि मूल माझ्याकडे. रांगायला लागल्यापासून तो पडायचा. कुठंही चढायचा आणि पडायचा. पडला की आधी माझ्याकडे बघायचा, मी बघतेय का. मी बघत असले तरच रडायचा. मी जवळ जायची नाही. मला कामं असायची. मी लांबूनच म्हणायची, "उठ आधी, मग रड." तो उठायचा, आणि उठल्यावर बहुतेक वेळा रडायचं विसरायचा.

वहिनी बरी झाली. दादानं दोघांना पेनसिल्व्हेनियात नेलं. मोहन सहा वर्षांचा होता. नंतरची पस्तीस वर्षं मी त्याला फोटोत पाहिलं.

दादाला वाटलं होतं मुलगा आपल्यासारखा इंजिनिअर होईल. शाळेत तो अमेरिकन फुटबॉल खेळला. कॉलेजातून एका वर्षासाठी म्हणून इंग्लंडला गेला. तिथल्या उत्तरेकडच्या एका लहान गावात रग्बी लीग नावाचा खेळ बघितला आणि तिथंच राहिला. दिवसा गालिच्यांच्या गिरणीत काम, संध्याकाळी सराव, रविवारी सामना. असं नऊ वर्षं. दादा त्या नऊ वर्षांत त्याच्याशी बोलला नाही. मला पत्रात लिहायचा, "चिरंजीव चिखलात लोळतात." वहिनी गेली तेव्हा मोहन अमेरिकेला परत आला. मग एका शाळेत खेळाचा मास्तर झाला आणि गावातल्या हौशी संघाकडून खेळायला लागला. सदतीस वर्षांचा होईपर्यंत खेळला. गुडघा गेला तेव्हा थांबला आणि त्याच संघाचा मुख्य कोच झाला. मध्ये लग्न झालं, मोडलं. मूल नव्हतं.

दादानं मला अमेरिकेला न्यायचे कागद करून ठेवले होते. मी पोचायच्या आत दादाच गेला. दोन हजार एक साली, मार्चमध्ये, मी फिलाडेल्फियाच्या विमानतळावर उतरले तेव्हा मला घ्यायला मोहन एकटा आला होता. नाक तीन ठिकाणी वाकडं. डावा कान भज्यासारखा सुजून कडक झालेला. मी म्हटलं, "हे काय झालं कानाला?"

"बाऊ झाला होता," तो म्हणाला. "आता बरा झाला."

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. दादा-वहिनी घरात पुढं इंग्रजीच बोलत गेले, त्यामुळे त्याचं मराठी सहा वर्षांचं होतं तिथंच थांबलं होतं. कुत्र्याला भूभू म्हणायचा. रात्री दिवा घालवताना, "आत्या, गाई गाई कर आता." मोठ्या दुकानात पन्नास माणसांत मोठ्यानं म्हणाला, "आत्या, थांब इथं, मला शू आली." कुणाला कळलं नाही म्हणून बरं. मराठी मंडळात गणपतीला त्यानं सत्तरीच्या गृहस्थांना "ए, तू जेवलास का?" असं विचारलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, वर हे असं बोलणं. आजी, तुम्ही तरी शिकवायचं." मी म्हटलं, "मी चौथी शिकलेय. तुम्ही एम्.ए. ना? तुम्ही शिकवा." पुढच्या वर्षी आम्ही गेलो नाही.

घरात दिवसभर मी एकटी. टीव्ही कळत नव्हता. बाहेर चालायला जावं तर फुटपाथ नाही, नुसत्या गाड्या. मे महिन्यात मोहन म्हणाला, "आत्या, तू कंटाळलीस. तू संघात ये."

"मी येऊन काय करू?"

"बादली धर."

संघात एक बादली असते. थंड पाणी, बर्फ, स्पंज. ज्याला लागलं त्याच्या मानेवर, गुडघ्यावर थंड स्पंज दाबायचा. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी द्यायच्या. आधी हे काम एका खेळाडूची बायको करायची, तिला मूल झालं म्हणून सुटलं होतं. मी लुगडं खोचलं, पायात मोहननं आणलेले पांढरे बूट घातले आणि रेषेवर उभी राहिले. बासष्ट वर्षांची. त्या देशात मला स्वतःची अशी एवढीच जागा मिळाली. हे लक्षात ठेवा, पुढं त्याचा संबंध आहे.

खेळ मला एका दिवसात कळला. मोहन म्हणाला होता, "हुतूतूच आहे ग, फक्त हातात बॉल आहे." एकेका बाजूला तेरा जण. बॉल घेऊन पळायचं, समोरचे पकड करून पाडतात. पडलेल्यानं उठायचं, बॉल जमिनीवर ठेवून पायानं मागच्याला द्यायचा, की पुढचा पळतो. अशा सहा पकडी झाल्या की बॉल समोरच्यांचा. म्हणजे या खेळात पडणाऱ्याला पडून राहायची सोय नाही. त्याच्या उठण्यावर बाकीचे बारा अडलेले असतात. जो संघ लवकर उठतो तो जिंकतो. मोहन शिकवायचा ते एवढंच. बाकीचे कोच फळ्यावर बाण काढायचे. मोहन पोरांना पाडायचा आणि उठवायचा. तासभर. पाड, उठ. पाड, उठ. आणि ओरडायचा, "अप फर्स्ट, क्राय आफ्टर!"

पहिल्यांदा मला लक्षात आलं नाही. मग एकदा कपडे बदलायच्या खोलीत पोरांनी मला भिंत दाखवली. निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत तेच लिहिलेलं. मोहननं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, हे माझं नाही. हे तिचं. मी छोटा होतो तेव्हाचं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

त्या वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कला ते झालं. आठवड्यानं मी कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबीर बघत होते, तर एक माणूस माझ्या लुगड्याकडे बोट दाखवून ओरडायला लागला. मला शब्द कळले नाहीत, तोंड कळलं. मी पिशवी टाकून घरी आले. मोहनला सांगितलं. त्यानं फक्त कान चोळला. राग आला की तो तो कान चोळायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला गाडीत घालून त्याच दुकानात नेलं. बाहेर संघ उभा होता, तेरा जण, सरावाच्या कपड्यांत, गुडघ्यांना माती. मी पुढं, तेराजण मागं. मी कोथिंबीर निवडली, एकानं पिशवी धरली. मी वांगी दाबून बघितली, तर मागं तेराही जण वांगी दाबून बघायला लागले. दुकानदार घाबरला होता. मोहन त्याला म्हणाला, "आत्या इज शॉपिंग." एवढंच. पुन्हा मला कुणी ओरडलं नाही.

वांगं दाबून त्याला भोक पाडणारा पोरगा म्हणजे डॅनी. तेव्हा विसाव्यात होता. घरांच्या छपरांवर कौलं ठोकायचं काम करायचा, आईबरोबर राहायचा. केस तांबडे, मान जाड, भूक राक्षसाची. सरावानंतर मोहनबरोबर घरी यायचा आणि माझी थालीपिठं सात-आठ खायचा. मोहननं सगळ्या संघाला मला आत्या म्हणायला लावलं होतं. डॅनीला ते आट्या असं जमायचं. मध्यंतरात फोडी वाटताना तो हटकून दोनदा रांगेत यायचा. पकडला की दात काढायचा. "नो ऑरेंज, आट्या. आय स्वेअर." मी हातावर चापट मारायची. हे दर शनिवारचं होतं. पोरं वाट बघायची, आट्या आज पकडते का नाही.

आता तो शनिवार. दोन हजार तीनचा जुलै.

पहिला हाफ संपायला दहा मिनिटं होती. डॅनीला दोघांनी मिळून पकडलं. एक खालून, एक वरून. डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज मला रेषेवर ऐकू आला. तो उठला. मोहननं शिकवल्याप्रमाणे झटक्यात उठला, बॉल पायानं मागं दिला, आणि मग चुकीच्या बाजूला दोन पावलं चालला. मोहननं त्याला बाहेर घेतलं. मी मानेवर स्पंज धरला.

डोक्याला लागलेल्याला मोहन तीन प्रश्न विचारायचा. इंग्लंडात त्याच्या कोचनं त्याला विचारलेले, तेच. कुणाशी खेळतोय? कितवा हाफ? स्कोर किती? तीन बरोबर आले की आत. एक चुकला की बाकावर. आणि तो मोडता घालू द्यायचा नाही. एकदा त्याच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला त्यानं एका चुकीच्या उत्तरावर बसवलं होतं आणि सामना हरला होता.

मध्यंतर झालं. मी फोडी वाटल्या. डॅनी आला, फोड घेतली, खाल्ली, साल बादलीजवळ टाकली. मी पाहिलं. मिनिटभरानं परत आला. हात पुढं केला.

"ऑरेंज, आट्या?"

मी चापट मारली. म्हटलं, "हावरट मेल्या." पोरं हसली. डॅनी हसला नाही. त्यानं हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "नो ऑरेंज," तो म्हणाला. "यू डिडन्ट गिव्ह मी." दात काढले नाहीत. शपथ घेतली नाही. मी ते बघितलं आणि एक फोड दिली. ती खाऊन तो तिथंच उभा राहिला, आणि थोड्या वेळानं तिसऱ्यांदा हात पुढं केला.

एकतीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला कळायला हवं होतं. डोक्याला लागलेला माणूस तेच ते विचारतो, हे मला माहीत होतं. पाणी पिऊन पाणी मागतो. मी त्याला तिसरी फोड दिली आणि बादलीतलं पाणी बदलायला नळावर गेले.

परत आले तोवर मोहननं प्रश्न विचारले होते. डॅनीनं तिन्हीची उत्तरं बरोबर दिली होती. डॅनी आत गेला. दुसऱ्या हाफची सहा-सात मिनिटं झाली असतील. दुसरी पकड मोठी नव्हतीच. असली पकड एका सामन्यात पन्नासदा होते.

इस्पितळात डॅनीच्या आईबरोबर आम्ही बसलो होतो. त्याच रात्री कवटी उघडली. नर्सनं त्याच्या अंगावरच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत आणून आईला दिल्या. त्यात मनगटाला गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी होती, कापून काढलेली. आईनं ती मोहनला दाखवली, हे काय म्हणून. पट्टीवर पेनानं लिहिलं होतं. समोरच्या संघाचं नाव. दोनचा आकडा. स्कोर.

पोरांचा तो खेळ होता. प्रश्न कधी बदलत नाहीत हे त्यांना माहीत होतं. मध्यंतरात कुणीतरी पेन आणायचा आणि सगळे मनगटावर उत्तरं लिहून ठेवायचे, बाकावर बसायला लागू नये म्हणून. वर्षभर चाललं होतं. मोहनला माहीत नव्हतं. मी त्यांना लिहिताना पाहिलं होतं, पण मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला वाटलं, देवाचं काही लिहीत असतील.

मोहननं ती पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ बघितली. मग मला म्हणाला, "मी दर वेळी तेच विचारलं ग. तेच. मी वेडा आहे."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. संत्र्याचं. की प्रश्न सोड, तुझ्या प्रश्नांच्या आधी मी पाहिलं होतं. मी तोंड उघडलं नाही. त्याला आणखी त्रास नको म्हणून गप्प बसले असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. मला वाटलं, हा माझ्याकडून बादली काढून घेईल.

डॅनी अकरा दिवस बेशुद्ध होता. बाराव्या दिवशी डोळे उघडले. मोहन रोज जायचा. सहा महिन्यांनी डॅनी काठी घेऊन चालायला लागला. डावा हात लुळा राहिला, बोलणं संथ झालं. छपरावर चढणं संपलं. त्याच्या आईनं मोहनला एकही वाईट शब्द ऐकवला नाही. तिनं ऐकवला असता तर मोहनला बरं झालं असतं असं मला वाटतं.

त्यानं कोचगिरी सोडायचं ठरवलं होतं. पोरांनी सोडू दिली नाही. मग त्यानं प्रश्न बदलले. दर शनिवारी नवे. आज आत्यानं कुठल्या रंगाचं लुगडं नेसलंय? बसमध्ये तुझ्या शेजारी कोण होतं? पट्टी बांधलेली मनगटं आधी तपासायचा. भिंतीवरची निळी अक्षरं त्यानं स्वतः पांढरा रंग आणून बुजवली. दोन हात दिले तरी उन्हात ती खालून दिसायची. आणि त्यानं एक नियम केला: आत्या नाही म्हणाली की खेळाडू बसणार. कोच काही म्हणो, डॉक्टर काही म्हणो. "आत्याला कळतं," तो सगळ्यांना सांगायचा. "ती दवाखान्यात होती. तिनं बघितलं असतं तर तिला कळलं असतं."

मी मान खाली घालून फोडी करायची. दोन वर्षं हे ऐकलं. त्या दोन वर्षांत मी एकवीस जणांना बसवलं, कितीतरी उगाचच. एकजण रागानं रडला. मी म्हटलं, बस आणि रड.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात एका सकाळी मोहन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आत्या, चहा दे ना."

त्याचा रिकामा कप त्याच्यासमोर होता. तळाशी चहा ओला होता.

मी दिला. घोट घेताना बघत राहिले. अर्ध्या तासानं परत आला. "आत्या, आज चहा नाही?"

या वेळी मी चापट मारली नाही. गॅस बंद केला, कोट घातला, म्हटलं, "चल, डॉक्टरकडे जाऊ." तो म्हणाला, "बाऊ नाही झाला मला." मी म्हटलं, "झालाय. जुना आहे."

डॉक्टरनं त्याला विचारलं, डोक्याला किती वेळा लागलंय? मोहन हसला. वीस वर्षं खेळलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे मला विचारणं की भाकऱ्या किती थापल्यास. फोटो काढले, परीक्षा घेतल्या. डॉक्टर म्हणाला, वय पंचेचाळीस, पण आतून म्हातारा झालाय. औषध नव्हतं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यापर्यंत त्यानं संघ सांभाळला. एका शनिवारी त्यानं चौदा जणांना आत पाठवलं, पंचानं परत पाठवलं, त्यानं पुन्हा चौदा पाठवले. त्या संध्याकाळी त्यानं शिट्टी माझ्या हातात दिली. "तू ठेव," म्हणाला. "मी हरवीन."

मोहन गेला ते आधी इंग्रजीतून गेला. शेजाऱ्यांशी बोलताना शब्द अडायचे. माझ्याशी नाही. भूभू, चांदोबा, गाई गाई, सगळं शाबूत. मंडळातल्या त्या बाई भेटायला आल्या होत्या. त्याला म्हणाल्या, "ओळखलंस का?" तो म्हणाला, "हो. तू मला हसली होतीस." बाईंनी चहा घेतला नाही.

एक गोष्ट तो विसरला नाही. दिवसातून चार-पाच वेळा विचारायचा, "आत्या, डॅनी उठला का ग?"

"उठला."

"मी त्याला आत पाठवला."

मग कान चोळत बसायचा. मला ते बघवेना. एका दुपारी त्याच्या समोर खुर्ची ओढून मी बसले आणि सांगितलं. फोड दिली, परत आला, मी हावरट म्हटलं, परत आला, मी पाणी बदलायला गेले. सगळं, क्रमानं. आणि बादलीचंही सांगितलं, का गप्प बसले ते.

त्यानं पूर्ण ऐकलं. मग त्याचा तो रुंद पंजा माझ्या डोक्यावर ठेवला. "मग तू रडली नाहीस?" त्यानं विचारलं.

"नाही."

"रड आता," तो म्हणाला. "तू उठलीस ना."

मी रडले. आईवडील गेले तेव्हा रडले नव्हते. त्या रात्री चार वर्षांनी मला झोप लागली.

सकाळी चहाला बसल्यावर तो म्हणाला, "आत्या, डॅनी उठला का ग? मी त्याला आत पाठवला."

मी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा पहिल्यांदाच ऐकलं. या वेळी डोक्यावर हात ठेवला नाही. माझ्याकडे असं बघितलं की मी मधेच थांबले. "तुला कळलं होतं?" तो म्हणाला. "तू मला का नाही सांगितलं?" उठून गेला आणि खोलीचं दार लावलं. तासाभरानं बाहेर आला तो हसत. काय खायला आहे विचारत.

तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. एकदा माफी मिळाली, एकदा नाही मिळाली. तिसऱ्यांदा काय येईल हे बघायची माझ्यात ताकद नव्हती. तो विचारायचा, मी म्हणायची, उठला. तो म्हणायचा, मी पाठवला. मी भाजी चिरायची. शेवटपर्यंत सगळा दोष त्याच्याकडेच राहिला. मी राहू दिला.

दोन हजार आठ, फेब्रुवारी. पहाटेच कधीतरी तो बाहेर पडला, मला जाग आली नाही. सकाळी उठले तर पुढचं दार उघडं, आणि बर्फात पावलं. दोन गल्ल्या सोडून शाळेचं, आमच्या सामन्यांचं मैदान होतं. मी लुगड्यावर कोट घालून गेले, पण माझ्या आधी शाळेचा माणूस पोचला होता. मोहन गोलच्या खांबाला टेकून बसला होता, सरावाच्या चड्डीत, शेजारी बादली. माझी बादली, तळघरातून काढून आणलेली. रात्री वजा पंधरा होतं, सकाळीही फार चढलं नव्हतं. समोरच्या बर्फावर तो बराच चालला होता. टोकापासून टोकापर्यंत जाऊन आला होता, आणि मधे मधे अंगाएवढे खड्डे होते. पडल्याचे. मी मोजले. पाच. प्रत्येक खड्ड्यापासून पुढं पावलं होती.

मोहनला पोचवायला संघ आला होता. जुने-नवे सगळे. डॅनी आईबरोबर आला, काठी टेकत. सगळे गेल्यावर तो स्वयंपाकघरात थांबला. टेबलावर संत्री होती, कुणीतरी टोपलीभर आणली होती. मी एक सोललं. माझं इंग्रजी मोडकं, पण सात वर्षांत गरजेपुरतं आलं होतं. मी त्याला सांगितलं. तीनदा ऑरेंज मागितलंस. मला कळलं होतं. मी कोचला बोलले नाही.

डॅनी बराच वेळ विचार करत होता. त्याला आता वेळ लागतो.

"आट्या," तो म्हणाला, "आय डोन्ट रिमेंबर एनी ऑरेंज."

त्यानं उजवा हात पुढं केला. मी फोड दिली. त्यानं खाल्ली. पुन्हा हात पुढं केला, आणि दात काढले.

मोहन गेला. डॅनी जगला. मी जगले.